सेख्मेत : संहार आणि संजीवन

ईजिप्त देशात नाईल नदीच्या काठी मेंफिस नावाचे एक प्राचीन नगर होते. तेथे सेख्मेत या देवतेची उपासना होत असे. तिचे शरीर स्त्रीचे, मुख सिंहिणीचे आणि मस्तकावर सूर्यबिंब. ‘सेख्मेत’ या शब्दाचा अर्थ ‘सामर्थ्यवती’ असा आहे. रणांगणावर ती राजाचे रक्षण करते व शत्रूंना भस्म करते, अशी लोकांची श्रद्धा होती.

तिच्या उग्र रूपाची एक कथा प्राचीन राजांच्या थडग्यांतील भिंतींवर कोरलेली आढळते. सूर्यदेव रा वृद्ध झाला, तेव्हा मानव त्याच्याविरुद्ध कट रचू लागले. संतप्त झालेल्या रा देवाने आपल्या नेत्रालाच देवीच्या रूपाने पृथ्वीवर धाडले. देवीने संहार आरंभिला. तो इतका वाढला, की अवघी मानवजात नष्ट होते की काय, असे वाटू लागले. तेव्हा उरलेल्या मानवांना वाचवण्याचे रा देवाने ठरवले. त्याच्या आज्ञेने सातूच्या मद्यात तांबडा रंग कालवून ७००० घडे सिद्ध करण्यात आले आणि रात्रीच ते शेतांतून ओतण्यात आले. पहाटे देवी आली. ते रक्तासारखे लाल मद्य ती प्यायली, धुंद झाली आणि तिचा क्रोध मावळला. अशा रीतीने मानवजात वाचली.

रोगाची साथ आली म्हणजे ती सेख्मेतच्या दूतांनीच आणली, असे ईजिप्तचे लोक मानीत. परंतु जी रोग धाडते, तीच तो परत बोलावू शकेल, असाही त्यांचा विश्वास होता. म्हणून तिचे पुजारी केवळ स्तोत्रे म्हणून थांबत नसत. ते रोग्याची परीक्षाही करीत. इ. स. पूर्व १५५० च्या सुमारास लिहिलेल्या एका वैद्यकग्रंथात वैद्याच्या जोडीने सेख्मेतच्या पुजाऱ्याचा उल्लेख आहे. रोग्याच्या मस्तकावर, हातांवर वा पायांवर बोटे ठेवली, तरी हृदयाचीच परीक्षा होते. कारण हृदयाच्या वाहिन्या सर्व अवयवांत पोहोचतात, असे त्यात सांगितले आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण कोणालाही थक्क करील!

इ. स. पूर्व चौदाव्या शतकात तिसरा आमेनहोतेप या राजाने थीब्ज नगरात या देवीच्या शेकडो पाषाणमूर्ती उभारल्या. त्यांपैकी काही आज लंडन व तुरीन येथील संग्रहालयांत आहेत. सिंहासनावर बसलेल्या मूर्तीचे मुख पाहून भय वाटते. पण तिच्या हाती शस्त्र नाही. तेथे आहे ‘अंख’, म्हणजे जीवनाचे चिन्ह. सामर्थ्य आवरले, तरच ते जीवन देते, हेच जणू ती मूर्ती सांगते.

प्रश्न
१. रा देवाने मानवजातीला कसे वाचवले?
२. सेख्मेतचे पुजारी वैद्यकाकडे का वळले?
३. मूर्तीचे मुख आणि तिच्या हातातील चिन्ह यांतील विरोध आपल्या शब्दांत स्पष्ट करा.