आज रात्री औषधांची पिशवी उलटी कर

अगं, बहिणीच्या बाळंतपणासाठी आईबाबांना घेऊन दुबईला निघालीस ना? कपडे, भेटी, खाऊ यातलं मी काही सांगणार नाही, ते तुला छान कळतं. पण आज रात्री जेवणं आटोपली की बाबांची औषधांची पिशवी पलंगावर उलटी कर आणि एकेक पट्टी हातात घेऊन वाच. ठळक अक्षरांत असतं ते कंपनीनं ठेवलेलं नाव. बारीक अक्षरांत असतं ते खरं औषध. तुला ते बारीक वाचायचंय.

कारण आपल्याकडे डॉक्टर सर्रास लिहून देतात अशी काही औषधं संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत. मधुमेहामुळे बाबांच्या तळपायांना मुंग्या येतात, त्यावरच्या गोळीत पुष्कळदा मिथाइलकोबालामिनच्या जोडीला प्रीगाबालिन असतं. घरात आपण तिला ‘व्हिटॅमिनची गोळी’ म्हणतो आणि विसरून जातो. प्रीगाबालिन तिथल्या नियंत्रित औषधांच्या यादीत आहे. आईच्या गुडघेदुखीच्या गोळीत ट्रॅमाडॉल असू शकतं, झोपेच्या गोळीत अल्प्राझोलम, खोकल्याच्या एखाद्या सिरपमध्ये कोडीन. तीही त्याच यादीत. यातलं काही न्यायचं असेल तर निघण्याआधी तिथल्या सरकारची परवानगी काढावी लागते. अर्ज ऑनलाइन करता येतो. डॉक्टरांची चिठ्ठी, आजाराचा अहवाल आणि पासपोर्ट स्कॅन करून तयार ठेव. परवानगी हातात आल्याशिवाय यातली एकही गोळी सामानात जाऊ देऊ नकोस, अगदी पर्सच्या कप्प्यातलीसुद्धा.

बदली औषध चालेल का, हेही डॉक्टरांना विचार, पण आत्ताच. प्रीगाबालिन एकदम बंद करायचं नसतं, हळूहळू कमी करावं लागतं. आदल्या दिवशी विचारून उपयोग नाही.

नेहमीच्या बीपीच्या, साखरेच्या, थायरॉइडच्या गोळ्यांसाठीसुद्धा डॉक्टरांकडून इंग्रजीत टाइप केलेली, सही-शिक्क्याची चिठ्ठी घे. त्यात औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि आजार लिहिलेला हवा, आणि पेशंटचं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. साठा तीन महिन्यांच्या वर नको. आणि आईला सांग, पट्ट्या कात्रीनं कापून डबीत भरायच्या नाहीत. कापलेल्या तुकड्यावर ना नाव राहतं ना मुदत, मग तपासणाऱ्याला ती गोळी कसली हे कसं कळणार? रोजची डबी तिथं पोचल्यावर भरा.

बाबांचं इन्सुलिन चेक-इनच्या बॅगेत अजिबात टाकू नकोस. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. ते तुझ्या हातातल्या पिशवीत ठेव, पण बर्फाला थेट चिकटवू नकोस. 100 मिलीच्या नियमातून गरजेच्या औषधांना सूट असते. तरी सुरक्षा तपासणीत स्वतःहून सांग आणि चिठ्ठी पुढे कर. सुया, ग्लुकोमीटर आणि त्याच्याच कंपनीच्या स्ट्रिप्स एकत्र ठेव. उन्हाळ्यात दुबईत पारा 45 च्या वर जातो. फिरायला गेलात तर इन्सुलिन उभ्या गाडीत ठेवून उतरू नका.

वेळापत्रकाची काळजी नको. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीडच तास मागे आहे.

आता लाडू. बाळंतिणीला डिंकाचे लाडू हवेतच, पण त्यात खसखस घालायची नाही. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. अनारशांना लावतात तीही चालणार नाही, आणि घरच्या गोड्या मसाल्यात ती पडली असेल तर तो मसालाही इथंच ठेव. हे आईला लाडू वळायला बसण्याआधी सांग. एवढ्या मायेनं केलेला डबा विमानतळावर टाकून द्यावा लागला तर तिला किती लागेल, तूच विचार कर.

प्रथमोपचाराचं सामान मात्र थोडंच घे. पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, चिकटपट्ट्या, जंतुनाशक मलम, डिजिटल थर्मामीटर, बस. पाऱ्याचा थर्मामीटर घरीच राहू दे. बाकी सगळं तिथल्या औषधाच्या दुकानात मिळतं. कित्येक ठिकाणी काउंटरवर मल्याळी माणूस असतो, हिंदी चालून जातं. प्रवासी विमा घेताना मात्र बाबांचा मधुमेह आणि आईचा रक्तदाब लपवू नकोस. लपवलेल्या आजाराचा खर्च विमा कंपनी नाकारू शकते, आणि परदेशातलं हॉस्पिटलचं बिल आपल्याला झेपणारं नसतं.

एक गोष्ट तुला जड जाईल, तरी सांगते. तू जाणार हे कळलं की कुणीतरी पुडकं घेऊन येईलच: ‘आमच्या मुलाला एवढ्या गोळ्या द्याल का?’ नाही म्हण. ओळख कितीही जुनी असली तरी नाही म्हण. तुझ्या बॅगेत सापडलेल्या औषधाचं उत्तर तुलाच द्यावं लागतं, पाठवणाऱ्याला नाही. मन मोडायचं नसेल तर माझं नाव सांग, ताईनं बजावलंय म्हण.

तिथल्या रुग्णवाहिकेचा नंबर 998. आईबाबांच्या दोघांच्याही फोनमध्ये आजच घालून ठेव, आणि नियम बदलत असतात म्हणून निघण्याच्या आठवड्यात तिथली नियंत्रित औषधांची यादी पुन्हा एकदा वाच.