आधी ते ठरवा, जे नंतर बदलता येत नाही

कराडजवळ अडीच गुंठ्यांवर आम्ही आमचं पहिलं घर बांधलं. घरात चर्चा सुरू झाली ती फरशीच्या रंगावरून. इंजिनिअरांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन याद्या करायला सांगितल्या: नंतर बदलता येईल ते एकीकडे, येणार नाही ते दुसरीकडे. फरशी पहिल्या यादीत गेली. दुसऱ्या यादीने जे शिकवलं, ते हे.

१. सातबारा ‘इतर हक्कां’पर्यंत वाचावा.
नाव आणि क्षेत्र सगळेच पाहतात. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाची नोंद मात्र ‘इतर हक्क’ या रकान्यात असते. जुने फेरफारही काढून घ्यावेत. बिनशेतीचा आदेश आणि मंजूर लेआउट हातात हवा, आणि लेआउटमधला रस्ता जागेवर खरोखर आहे का, हे चालत जाऊन बघावं. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आपला गुंठा कुठून सुरू होतो, हे भूमी अभिलेखची मोजणी सांगते. खुणा रोवताना शेजाऱ्यांना आवर्जून बोलवावं.

२. मुरूम दिसेपर्यंत बजेट पक्कं धरू नये.
काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर टेकलेला पायाही हलतो. म्हणून आराखड्याआधीच चाचणीचे खड्डे घेतले. घट्ट मुरूम किती खाली आहे हे कळल्यावर फूटिंगचं माप ठरलं आणि खर्चाचा आकडाही. पुढेमागे वरचा मजला चढवायचा असेल, तर ते याच वेळी सांगावं. गच्चीवर कॉलमच्या सळ्या सोडून भागत नाही. खालचं फूटिंग तो भार पेलणारं हवं.

आमच्या भागात ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जुनी माणसं विसरलेली नाहीत. त्यामुळे कॉलमच्या रिंगा बांधताना मी तिथेच उभा राहिलो. रिंगेची टोकं नुसती काटकोनात दुमडलेली नकोत; १३५ अंशांत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात शिरलेली हवीत. काटकोनातली टोकं हादऱ्याने उघडू शकतात. खर्च किरकोळ वाढतो. सळई बांधणारे कुरकुरतात, कुरकुरू द्यावं.

३. नकाशा जमिनीवर फक्कीने आखून पाहावा.
कागदावर १० बाय १० ची खोली ऐसपैस वाटते. तिच्यात साडेसहा फूट लांबीचा पलंग आणि त्याच्या पायथ्याशी २ फूट खोलीचं कपाट मांडलं की मध्ये उरतो दीड फूट. कपाटाचं दारही नीट उघडत नाही. आम्ही फक्कीच्या रेघांमध्ये खुर्च्या टाकून बसलो, आईला स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत चालवलं. तिच्या गुडघ्यांचा विचार करून तिची खोली तळमजल्यावर घेतली, पायरीची उंची ६ इंचांवर ठेवली आणि बाथरूमचं दार ३ फुटांचं केलं. पश्चिमेला बाथरूम आणि जिना गेला, म्हणजे दुपारनंतरचं ऊन झोपायच्या खोल्यांवर येत नाही.

४. वास्तुशास्त्र मानायचं असेल, तर पहिल्या भेटीतच सांगावं.
आईला स्वयंपाकघर आग्नेयेला हवं होतं. आधी सांगितलं म्हणून ते सहज बसलं. कॉलम उभे राहिल्यावर मामा येऊन दिशा सांगू लागले, तर घर तोडावं लागतं किंवा मामांना दुखवावं लागतं.

५. ‘चौरस फुटाचा दर’ उलगडून लिहून घ्यावा.
दोन ठेकेदारांचे दर सारखे असले तरी कामं सारखी नसतात. छज्जे, जिना, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, कंपाउंड: यांतलं काय दरात आहे? सळई आणि सिमेंट कोणाचं? पैसे जोतं, स्लॅब, वीटकाम, गिलावा अशा टप्प्यांना जोडावेत आणि शेवटचा हप्ता पहिल्या पावसानंतरचा ठेवावा. गच्ची गळते का, हे पाऊसच दाखवतो.

६. सिमेंटच्या आधी पाण्याची सोय करावी.
स्लॅबवर आळी करून पाणी साठवायचं असतं. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय ॲशच्या पीपीसीला किमान १०. ऐन एप्रिलात टँकरची वाट पाहत स्लॅब वाळू देणं परवडत नाही. बोअर आम्ही पायाआधी घेतली.

७. झाकल्या जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा फोटो काढावा.
गिलाव्याआधी भिंतीतले पाइप आणि वायरिंग, फरशीआधी ड्रेनेज. शेजारी मोजपट्टी ताणून. पुढे खिळा ठोकताना याचा उपयोग होतो.

८. पैसे संपले तर पहिल्या यादीला कात्री लावावी.
कर्जाचा हप्ता बँक काम पाहून टप्प्याटप्प्याने देते. मधली फट आपल्याच खिशातून भरायची असते. त्यात वीजमीटर आणि वास्तुशांतीचं जेवण कोणी धरलेलं नसतं. आमचं फॉल्स सीलिंग गेलं, मॉड्युलर किचनच्या जागी कडाप्प्याचे कप्पे आले. ते पुढे कधीही बदलता येतील. रिंगा, फूटिंग आणि मोजणी यांतला एक रुपयाही कमी केला नाही.