ट्रॅकसाठी जुनी गाडी: पुतण्यास पत्र



हौसेच्या ट्रॅक-डेसाठी घ्यायची गाडी म्हणजे शर्यतीची गाडी नव्हे. ट्रॅक-डेला नंबर नसतो की चषक नसतो. फी भरायची, बंदिस्त सर्किटवर समोरून कोणी येणार नाही या खात्रीने आपलीच गाडी जोरात चालवायची आणि संध्याकाळी घरी परतायचे, एवढाच तो प्रकार. त्यामुळे सर्वांत पळणारी गाडी कोणती, हा नवशिक्याचा आवडता प्रश्न येथे फारसा कामाचा नाही. बारामती-इंदापूरच्या माणसापुढे त्याआधी दुसराच प्रश्न उभा असतो, तो अंतराचा.

देशात नावाजलेली सर्किटे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचे सुमारे ३.७ किलोमीटरचे सर्किट आहे. कोइमतूरला कारी मोटर स्पीडवे हे २.१ किलोमीटरचे आणि ग्रेटर नोएडाला ५.१२५ किलोमीटरचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, जेथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन झाली. यांपैकी कोणतेही गाठायचे तर बारामतीहून हजार किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त जावे लागते. गाडी ट्रकवर चढवून नेण्याचे भाडे भरायचे तर स्वस्त गाडीचा स्वस्तपणा तिथेच संपला. म्हणजे गाडी स्वतःच्या चाकांवर जाणार, दिवसभर पिळून निघणार आणि तेवढेच अंतर कापून परत येणार. या भागातल्या माणसासाठी गाडीची पहिली कसोटी हीच आहे. जी गाडी परतीच्या वाटेवर कर्नाटकातल्या एखाद्या ढाब्यासमोर तीन दिवस पार्टची वाट पाहत उभी राहील, ती कितीही स्वस्तात मिळाली तरी महागच पडते.

घराजवळचा मोह वेगळाच आहे. पाटसहून बारामती, इंदापूरमार्गे जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग रुंद झाला आहे आणि पहाटे तो मोकळाही असतो. पण सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी त्या रस्त्यावर अंधारात बिनदिव्याची उसाची ट्रॉली कधी आडवी येईल याचा नेम नसतो. हात साफ करायचा असेल तर कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक दोनशे किलोमीटरच्या थोडा पुढे आहे. गाडी विकत घेण्याआधी कार्टमध्ये एक-दोन दिवस घालवलेल्या माणसाला आपल्याला ही हौस खरोखर आहे का, हे फार थोड्या पैशांत कळते.

गाडीचा प्रकार ठरवताना वजनापासून सुरुवात करावी. धावत्या गाडीतली ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा उष्णतेच्या रूपात गिळावी लागते. रस्त्यावर जोरात ब्रेक क्वचित लागतो. ट्रॅकवर दर फेरीत पाच-सहा वेळा लागतो आणि मध्ये गार व्हायला उसंत मिळत नाही. म्हणून आठशे-नऊशे किलोची साधी गाडी ब्रेक, टायर आणि खिसा या तिघांनाही सोसते. आपल्या बारामती-इंदापूर पट्ट्यात मात्र प्रतिष्ठा उंच गाडीला आहे. बोलेरो आणि स्कॉर्पिओ शेतात, लग्नात आणि निवडणुकीत शोभतात, पण त्यांचा गुरुत्वमध्य उंच असतो आणि जलद वळणावर तोच घात करतो. डिझेल हॅचबॅकही टाळावी, कारण तिचे नाक जड असते आणि टर्बोची उष्णता दिवसभर सांभाळावी लागते. पेट्रोल, हाताने गिअर टाकायची, बुटकी आणि हलकी, एवढ्यात निवड बसवावी.

अशा गाड्यांत भारतीय ट्रॅकचा इतिहास एका घराण्याकडे बोट दाखवतो. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन बसवून फॉर्म्युला मारुती ही शर्यतीची गाडी तयार केली आणि कारी स्पीडवेला नावही त्यांचेच आहे. पुढे एलजीबी फॉर्म्युला ४ मध्ये मारुती एस्टीमचे १.३ लिटरचे इंजिन आले, फॉर्म्युला एलजीबी स्विफ्टमध्ये स्विफ्टचे. शिकाऊ चालकांच्या निर्दय पायाखाली ही इंजिने वर्षानुवर्षे टिकली, याहून मोठे प्रमाणपत्र जुन्या गाडीला कोणी देऊ शकत नाही. एस्टीम हलकी आहे आणि तिचे १३ इंची टायर स्वस्त आहेत. मात्र ती बाजारातून जाऊन बराच काळ झाला. आता उरलेल्या साऱ्याच गाड्यांनी पंधरा वर्षांची नोंदणी ओलांडली आहे. फिटनेस तपासून पाच वर्षांसाठी नोंदणी पुन्हा झालेली नसेल तर अशा गाडीचा सौदा करू नये. जुनी होंडा सिटी १.५ व्हीटेक मनाला भुरळ घालते आणि ती भुरळ खोटीही नाही; पण तिचे पार्ट पुण्यात शोधत हिंडावे लागते. फोर्ड आयकॉन १.६ चालवायला मजेची, परंतु फोर्डने २०२१ मध्ये भारतातले गाड्यांचे उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, हे विसरू नये. राहिली स्विफ्ट. मे २००५ मध्ये आलेल्या पहिल्या स्विफ्टचे १.३ पेट्रोल इंजिन तयारीचे आहे, पण त्यात टायमिंग बेल्ट असतो. २०१० पासूनच्या १.२ लिटर इंजिनात चेन आहे. नवशिक्यासाठी हीच दुसरी निवड सरस ठरते. बारामतीच्या कोणत्याही मेस्त्रीने ती शंभर वेळा खोललेली असते आणि तिचा वॉटर पंप किंवा क्लच प्लेट कर्नाटकातल्या चित्रदुर्गलाही मिळते. जमल्यास एबीएस असलेले वरचे व्हेरियंट पाहावे.

गाडी पाहायला जाताना शर्यतीचा बैल पारखणाऱ्या म्हाताऱ्याची शिस्त ठेवावी. तो शिंगांचा रंग पाहून पैसे देत नाही, आधी खूर आणि सांधे पाहतो. चकाकणारा रंग, नवे सीट कव्हर आणि मोठा आवाज करणारा सायलेन्सर यांपैकी काहीही गाडीच्या तब्येतीविषयी बोलत नाही. उलट सायलेन्सर आणि फिल्टर बदललेली गाडी आधीच कोणीतरी पिळलेली असण्याची शक्यता जास्त. गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घेऊन खालून पाहावी. बोनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंचे अ‍ॅप्रन आणि पुढच्या चेसिस लेग सारख्या आहेत का, वेल्डिंगचे कंपनीचे ठिपके शाबूत आहेत का, हे तपासावे. सरळ केलेली गाडी रस्त्यावर वर्षानुवर्षे चालते, ट्रॅकवर मात्र ती डाव्या वळणाला एक आणि उजव्या वळणाला दुसरेच वागते. कॅनॉलच्या रस्त्यांनी आणि वाड्यावस्त्यांच्या खडीने लोअर आर्मचे बूश, बॉल जॉइंट आणि शॉकअप आधी खाल्लेले असतात. ते बदलता येतात, त्यामुळे त्यावरून गाडी नाकारू नये, किंमत मात्र पाडावी.

इंजिन गार असतानाच चालू करायला सांगावे. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर कारण विचारावे. चालू होताना निळा धूर म्हणजे ऑइल जळते. ऑइलच्या झाकणाखाली साय धरल्यासारखा पांढरट थर म्हणजे ऑइलमध्ये पाणी, बहुधा हेड गॅस्केट. रेडिएटरचे पाणी गंजके असेल तर त्या गाडीला कूलंट कधी मिळालेले नाही, आणि ट्रॅकवर कूलिंग व्यवस्था लवकर हात टेकते. कॉम्प्रेशन तपासायला गॅरेजवाला थोडेच पैसे घेतो. चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांत हवेत. एकूण आकडा थोडा कमी असला तरी चालेल, पण एकच सिलिंडर मागे पडलेला नको. दुसऱ्या गिअरला खरखर, पूर्ण स्टिअरिंग वळवून चालवताना कटकट, साठच्या पुढे चाकातून घुमणारा आवाज, ही अनुक्रमे सिंक्रो, एक्सल जॉइंट आणि बेअरिंग यांची दुखणी. गॅस किट लावलेली किंवा लावून काढलेली गाडी टाळलेली बरी, कारण तिच्या व्हॉल्व्ह सीटने काय सोसले आहे ते बाहेरून दिसत नाही.

पुरात बुडालेली गाडी हा वेगळा धोका आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेले, सप्टेंबरात कऱ्हा नदीचे पाणी बारामतीत शिरले. अशा गाड्या धुऊन-पुसून लांबच्या बाजारात जातात. सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का पाहावे, पुढच्या सीटच्या रुळांचे स्क्रू गंजले आहेत का पाहावे आणि कार्पेट उचलून खाली हात फिरवावा.

इंधनाचा विचार या तालुक्यांत तरी कोणी विसरू नये. उसाच्या मळीपासून आणि रसापासून निघणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते आणि ते बनवणाऱ्या डिस्टिलऱ्या याच पट्ट्यात आहेत. ऊस उत्पादकाला ते लाभाचे आहे, जुन्या गाडीच्या रबराला नाही. २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांचे पाइप, सील आणि गॅस्केट एवढ्या इथेनॉलसाठी घडवलेले नव्हते. इथेनॉल हवेतली ओल ओढते, त्यामुळे महिना-दोन महिने उभ्या राहणाऱ्या हौसेच्या गाडीला त्रास जास्त होतो. घेतल्याबरोबर इंधनाचे सगळे रबरी पाइप आणि फिल्टर बदलावेत, क्लिपा नव्या लावाव्यात. गरम इंजिनावर पेट्रोल झिरपणे म्हणजे आगीला आमंत्रण.

कागदपत्रांत घाई करणारे बहुतेक ओळखीच्या माणसाकडून घेणारे असतात. आरसी बुकावरचा इंजिन आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः ताडून पाहावा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत. एमएच-४२ पासिंगची गाडी बारामतीच्याच कार्यालयात फॉर्म २९ आणि ३० वर नावावर होते. परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते आणि कराचा हिशेबही नव्याने करावा लागतो, म्हणून स्वस्त दिसणारी कर्नाटक पासिंगची गाडी शेवटी स्वस्त राहतेच असे नाही. विम्याची गोष्ट मात्र सावकाश वाचावी. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात आणि त्यांत संघटित शर्यत व वेगाची चाचणी स्पष्टपणे वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर विमा मिळेल असे धरून चालू नये. म्हणूनच जी रक्कम पूर्ण बुडाली तरी घरच्या चुलीवर परिणाम होणार नाही, तेवढ्याच किमतीची गाडी घ्यावी. उसाच्या बिलावर आगाऊ उचललेल्या पैशांतून तर मुळीच नाही.

जेवढ्याला गाडी मिळेल, जवळपास तेवढेच पैसे तयारीसाठी राखून ठेवावेत. ते खर्च करण्याचा क्रम ठरलेला आहे आणि त्यात इंजिनाची ताकद वाढवणे शेवटी येते, किंबहुना पहिल्या वर्षी येतच नाही. सर्वांत आधी ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषते आणि ओल शोषलेले ऑइल लवकर उकळते. डॉट ३ चा किमान उत्कलनबिंदू कोरा असताना २०५ अंश सेल्सिअस असतो, ओल शोषल्यावर १४०; डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, पेडल जमिनीला टेकते आणि गाडी थांबत नाही. ताजे डॉट ४ भरून हवा काढून घेणे हे काही शे रुपयांचे काम आहे. त्यानंतर चांगले पॅड, मग टायर. टायरच्या बाजूवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खोबणी कितीही खोल दिसली तरी पाच-सहा वर्षांचे कडक झालेले रबर ट्रॅकवर नको. नंतर कूलंट, थर्मोस्टॅट, होज आणि बेल्टची गाडी असेल तर टायमिंग बेल्ट, मागच्या मालकाने काहीही सांगितले तरी. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत असावे, कारण लांब वळणात ते संपमध्ये एका बाजूला चढते आणि पंपाला हवा ओढावी लागते.

रोल केज, म्हणजे गाडीच्या आतला नळ्यांचा पिंजरा, मात्र रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत बसवू नये. कंपनीच्या रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आड येतो आणि हेल्मेटशिवाय बसलेल्या माणसाचे डोके रोजच्या प्रवासात त्या नळ्यांवर आपटू शकते. हेल्मेट कोणत्या प्रमाणाचे लागेल, टोइंग हुक पुढे हवा का, हे संयोजकांकडून आधी विचारून घ्यावे. सुट्या वस्तू, जॅक, स्टेपनी आणि पायाखालची मॅट ट्रॅकवर जाण्याआधी बाहेर काढाव्यात. शेवटची फेरी ब्रेक न लावता सावकाश घ्यावी, गाडी उभी केल्यावर तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढू नये, गिअरमध्ये ठेवावी. परतीला निघण्याआधी चाकांचे नट पान्याने पुन्हा आवळावेत, पॅडची जाडी आणि ऑइलची पातळी पाहावी, आणि पॅडचा एक नवा संच डिकीत असावा.

— काका