सूर लावण्याआधी ऊन मोजा

घरच्या घरी अ‍ॅनालॉग सिंथेसायझर बांधायला घेतलेल्या वर्धा जिल्ह्यातल्या प्रत्येकाला मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आपल्या हाती येणारे सर्किटचे बहुतेक नकाशे थंड देशांत काढलेले असतात. त्यांत खोलीचं तापमान २५ अंशांच्या आसपास गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. या फरकाचा हिशेब आधी केला नाही, तर बाकी कितीही नीट बांधलं तरी यंत्र बेसूर होणार.

मी बांधलेला ऑसिलेटर जानेवारीत हार्मोनियमशी जुळवून घेतला होता. मंद्र, मध्य, तार, तिन्ही सप्तकं चोख होती. तोच मे महिन्यात टिनाच्या शेडखाली भजनाच्या साथीला लावला. मध्य षड्ज जुळवला की तार षड्ज उतरलेला. तार षड्ज वर ओढावा, तर मध्य चढलेला. पेटीवर बसलेल्या काकांनी शेवटी हाताने खूण करून तो बंद करायला सांगितला. घरी आणून तपासला, तर एकही टाका सुटलेला नव्हता, एकही भाग जळलेला नव्हता.

दोष उन्हाचा होता. सिंथेसायझरची रूढ रीत अशी, की नियंत्रणाचा दाब एक व्होल्टने वाढला की सूर एक सप्तक वर जावा. हे गणित ट्रान्झिस्टरची एक जोडी करते. तो एक व्होल्ट तिच्यापर्यंत पोचताना जेमतेम १८ मिलिव्होल्ट उरेल, अशी मांडणी असते. कारण २५ अंशांना ट्रान्झिस्टरमधला प्रवाह दुप्पट व्हायला तेवढेच लागतात. ४५ अंशांना त्याच कामाला १९ लागतात. फरक एका मिलिव्होल्टचा, पण कानाला तो मोठा असतो. बारा स्वरांचं सप्तक सव्वाअकरा स्वरांतच संपतं. तीन सप्तकांत ही घसरण दोन पट्ट्यांहून जास्त होते.

नुसते चित्रविचित्र आवाज काढायचे असतील, तर हे खपून जातं. राग वाजवायचा असेल, तर नाही. आणि अशा यंत्रांवर राग वाजतो, हे आपल्याच राज्यात सिद्ध झालेलं आहे. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँड कंपनीच्या टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या यंत्रांवर दहा रागांची तबकडी काढली. त्यातलं ३०३ हे बास गिटारला स्वस्त पर्याय म्हणून आलेलं साधं यंत्र. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची त्यातली सोय त्या तबकडीत मींडेसारखी ऐकू येते. तेव्हा तिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभर ऐकली गेली. तेव्हा कमी पैशांच्या यंत्राकडून रागदारीची अपेक्षा जरूर ठेवा. फक्त ते सुरात राहील अशी तजवीज करा.

ट्रान्झिस्टरची जोडी एकाच पुडीतली घ्या, मल्टिमीटरवर मोजून सारखी निवडा. दोघांच्या सपाट बाजू समोरासमोर चिकटवा, म्हणजे दोघांना ऊब सारखी लागेल. त्यांना टेकून +३३०० पीपीएमचा, म्हणजे दर अंशाला सुमारे ०.३३ टक्के वाढणारा रेझिस्टर बसवा. तो ही घसरण भरून काढतो. एवढी खटपट नको असेल, तर ही भरपाई आतच असलेली एएस ३३४० ही चिप वापरा. परीक्षा सोपी आहे. तानपुरा लावून तार षड्ज धरा आणि त्या जोडीवर बोट ठेवा. सूर सरकत गेला, तर काम अपुरं आहे.

ऑसिलेटरचा वेग ठरवणारा कपॅसिटर स्वस्तातला चपटा सिरॅमिक नको. पॉलिस्टायरीन किंवा सी-झीरो-जी जातीचा घ्या, रेझिस्टर मेटल फिल्मचे. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १०५ अंश छापलेलेच मागा. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं.

विजेच्या बाबतीत धीर धरा. सुरुवात नऊ व्होल्टच्या बॅटरीवर करा. ४०१०६ या एका चिपमधून सहा ऑसिलेटर निघतात, हात बसायला तेवढे पुष्कळ. अ‍ॅडॉप्टर जोडण्याआधी मल्टिमीटरने मोजा. नऊ व्होल्टचा म्हणून घेतलेला एक अ‍ॅडॉप्टर माझ्या मीटरवर चौदा दाखवत होता. आधी मोजला म्हणून सर्किट वाचलं. पिनची दिशाही पाहा, कारण गिटार पेडलच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये बहुधा मधली पिन ऋण असते. पुढे ७८१२ आणि ७९१२ हे व्होल्टेज रेग्युलेटर वापराल, तेव्हा दोन्ही दिसायला सारखे असले तरी पायांचा क्रम वेगळा असतो, हे विसरू नका. ७९१२ची धातूची पाठ इनपुटला जोडलेली असते, म्हणून दोघांना एकाच पत्र्यावर अभ्रकाशिवाय कसू नका. थेट २३० व्होल्टवर चालणारा जुना कीबोर्ड मात्र नवख्याने उघडूच नये. त्याच्या आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असू शकतात, प्लग काढल्यावरही.

तयार यंत्रात बदल करायचा असेल, तर कॉर्गचं मोनोट्रॉन चांगलं. ते दोन छोट्या सेलवर चालतं आणि त्याच्या बोर्डवर जोडणीच्या जागांची नावं छापलेली आहेत. पण त्या जागा नाजूक असतात. सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवलं की तांबं उचकटून येतं. वायर बारीक घ्या आणि ती ओढली जाणार नाही अशी डब्याला बांधा.

सोल्डरिंग करताना कूलरचा झोत अंगावर घेऊ नका. टाका असमान थंड होतो, वरून जुळलेला दिसतो आणि पुढे दगा देतो. खिडकी उघडी ठेवा, काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

कार्यक्रमाला नेण्याआधी यंत्राचा डबा बंद करून ते भर दुपारी अर्धा तास चालू ठेवा. मग तिन्ही सप्तकांचे षड्ज तानपुऱ्याशी लावून पाहा. जुळले, तरच लोकांपुढे न्या.