दुकान मांडण्यापूर्वी

'दुकान' हा शब्द तुम्हांला शिकवावा लागत नाही. उर्दूत दुकान, मराठीतही दुकानच. बाजार, किंमत, नफा, हिशेब, खरेदी हे शब्दही थोड्याफार फरकाने दोन्ही भाषांत नांदतात. आज आपण अशा दुकानाची माहिती घेऊ, ज्याला दार नाही, गल्ला नाही आणि जे रात्रीही बंद होत नाही. हे दुकान इंटरनेटवर असते.

समजा, तुमच्या खाला मालेगावात राहतात. त्या ओढण्यांवर सुंदर कशिदा काढतात. महिन्याला वीस-पंचवीस ओढण्या तयार होतात. त्यांनी दहा हजार रुपये साठवले आहेत आणि त्यांतून इंटरनेटवर दुकान काढायचे ठरवले आहे. त्या तुम्हांला विचारतात, "बेटा, हे दुकान कशाने बांधायचे?" तुम्ही काय सांगाल?

दुकान मांडण्याचे काही मार्ग आहेत. अ‍ॅमेझॉन किंवा फ्लिपकार्ट यांसारख्या मोठ्या बाजारात जागा घेता येते. तिथे गिऱ्हाइकांची गर्दी आयती मिळते. पण विक्रीतून दलाली कापली जाते आणि शेजारीच दुसऱ्याच्या स्वस्त ओढण्या टांगलेल्या असतात. शॉपिफायसारखी सेवा म्हणजे भाड्याचा गाळा. भाडे भरा, माल मांडा. छत गळले तर दुरुस्ती मालकाची. वूकॉमर्स हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. पण ज्या संगणकावर ते चालवायचे, त्याचे भाडे आणि देखभाल आपल्याकडे. शेवटचा मार्ग म्हणजे सगळे सॉफ्टवेअर स्वतः लिहिणे.

हा शेवटचा मार्ग कोणी धरला होता, ते ऐका. जर्मनीत जन्मलेले टोबियास ल्युट्के कॅनडात स्थायिक झाले. २००४ साली त्यांना बर्फावर घसरण्याच्या फळ्या इंटरनेटवर विकायच्या होत्या. तयार सॉफ्टवेअर त्यांच्या मनास येईना. तेव्हा त्यांनी रुबी ऑन रेल्स हे त्या वेळी अगदी नवे असलेले साधन घेऊन आपले दुकान स्वतः बांधले. पुढे फळ्या मागे पडल्या आणि दुकानाचे सॉफ्टवेअरच मोलाचे ठरले. २००६ साली त्यातूनच शॉपिफाय सुरू झाले. गोष्ट छान आहे, पण ऐकून हुरळून जाऊ नका. ल्युट्के मुळात प्रोग्रामर होते. खालांचा हात सुईवर बसला आहे. प्रोग्राम लिहिणारा माणूस ठेवला, तर दहा हजार रुपये पहिल्याच महिन्यात संपतील आणि ओढणी एकही विकली गेलेली नसेल.

आता एक अडचण पाहा. हातकामाच्या मालात एका नक्षीची एकच ओढणी असते. समजा, पुण्याच्या बाई आणि भोपाळच्या बाई, दोघींनी एकाच क्षणी तीच ओढणी घेण्यासाठी बटण दाबले. दोघींचे पैसे आले. ओढणी मात्र एक! चांगल्या दुकानात मालाची नोंद डेटाबेसमध्ये असते. पहिली मागणी नोंदवली जात असताना डेटाबेस ती नोंद क्षणभर कुलूपबंद करतो. दुसऱ्या बाईंना 'माल संपला' असे लगेच दिसते. साध्या तक्त्यात हाताने आकडे मांडणाऱ्याला हे साधत नाही. म्हणून साधन निवडताना आधी ही परीक्षा घ्यावी. दुकानात एकच वस्तू ठेवावी आणि दोन मोबाइलवरून एकदम मागवून पाहावी.

पैशांच्या बाबतीत धाडस नको. ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक आपल्याकडे साठवण्याची दुकानदाराला परवानगीच नाही; रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू आहे. पैसे घेण्याचे काम त्या कामाच्या कंपनीवर सोपवावे. २०१६ साली यूपीआय आले, तेव्हापासून छोट्या दुकानदाराची बरीच सोय झाली आहे.

एक गोष्ट मात्र तुम्हीच नीट तपासू शकाल. खालांच्या दुकानाचे एक पान उर्दूत हवे. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते. पण त्याच ओळीतला आकडा डावीकडून उजवीकडे वाचला जातो. साधन या कामाचे नसेल, तर ओळ चुकीच्या बाजूला चिकटते आणि फोन क्रमांकाचे तुकडे उलटसुलट होतात. नस्तालीक अक्षरे तिरपी उतरत जातात. त्यांना दोन ओळींत जास्त जागा लागते, नाहीतर अक्षरांची डोकी कापली जातात. इंग्रजीत शोभणारे पान उर्दूत असे लंगडे दिसू शकते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी ओढणीचे नाव, किंमत आणि फोन क्रमांक उर्दूत टाकून पाहा. अब्बांच्या जुन्या मोबाइलवरही ते पान उघडा. छायाचित्रे फार जड असतील, तर तिथे लगेच कळेल.

शेवटी दुकान सोडण्याचा विचार करा. सुरुवातीलाच हे विचारणे अनेकांना अशुभ वाटते, पण विचारावे. उद्या भाडे वाढले आणि गाळा बदलावा लागला, तर ग्राहकांची यादी, मालाची छायाचित्रे आणि जुना हिशेब आपल्या संगणकावर उतरवून घेता येईल का? 'हो' असे उत्तर आले, तर ते बटण कुठे आहे ते दाखवायला सांगा आणि खालांच्या समोर एकदा दाबून पाहा.