सीटखालची स्प्रिंग आधी आपल्या वजनाला लावून घ्यावी

कोथरूडहून हिंजवडीला रोज सायकलने जातेस याचं मला किती कौतुक आहे ते तुला ठाऊक आहे. कंबर धरते म्हणून सायकल सोडू नकोस. सस्पेन्शन सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा स्प्रिंगवाला दांडा, घेऊ का, असं विचारलंस. घे, जरूर घे. पण तो दुकानातून आणून नुसता खोचला म्हणजे काम झालं असं नाही. तो तुझ्या अंगाला लावून घ्यावा लागतो. नाहीतर सायकलवर नुसतं जादा वजन बाळगल्यासारखं होतं.

पैसे खर्च करायच्या आधी टायरमधली हवा बघ. टायर पार टणक होईपर्यंत हवा भरायची सवय आपल्याकडे सगळ्यांनाच असते. तुझ्या हायब्रिडला 700 बाय 38 चे टायर आहेत. त्यांच्या बाजूवर हवेची मर्यादा छापलेली असते, तिच्या खालच्या टोकाजवळ राहा. तुझं वजन आणि पाठीवरची लॅपटॉपची बॅग धरून मागच्या चाकात 55 पीएसआयच्या आसपास, पुढच्यात त्याहून चार-पाच कमी, एवढ्याने सुरुवात कर. फार उतरवलीस तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेमटून पंक्चर होईल. आठवडाभर अशी चालवून बघ. अर्धी कुरकुर इथेच थांबेल, आणि ती फुकटात थांबेल.

उरलेली अर्धी थांबवायला सीटपोस्ट. पेव्हर ब्लॉकवरची थरथर, सिमेंट रस्त्याच्या सांध्यांवरचा ठोका, उतारावरच्या रम्बलरच्या पट्ट्या, असे बसल्या जागी मणक्यात जाणारे धक्के तो खातो. तुझ्या आजोबांच्या काळ्या चोवीस इंची सायकलला हे काम चामड्याच्या सीटखालच्या जाड स्प्रिंगा आणि 28 बाय दीडचे टायर करत होते. आजच्या हायब्रिडची सीट बिनस्प्रिंगची आणि फ्रेम अल्युमिनियमची, ताठ. म्हणून धक्का थेट वर येतो. मात्र हाताला येणाऱ्या मुंग्यांवर सीटपोस्टचा काही उपयोग नाही. आणि गतिरोधकावर बसून राहायचंच नाही. दोन्ही पेडल एका पातळीत आण, गुडघे सैल ठेव, बूड सीटपासून चार बोटं उचल. सीटपोस्ट आला म्हणून ही सवय मोडू देऊ नकोस.

बाजारात दोन जाती मिळतात. एकात नळीत नळी सरकते, आत स्प्रिंग किंवा रबराचा ठोकळा असतो. हा स्वस्त, पण बारीक थरथरीला नळी अडकून राहते, मोठा दणका बसला तरच हलते. शिवाय दाबला की सीट पेडलच्या जवळ येते. दुसऱ्यात चार सांध्यांची चौकट असते, सीट खाली जाताना थोडी मागेही जाते, त्यामुळे पेडलपासूनचं अंतर फारसं बदलत नाही. सनटूरचा एनसीएक्स, केन क्रीकचा थडबस्टर, रेडशिफ्टचा शॉकस्टॉप ही या जातीतली नावं. रोजच्या वापराला मी चौकटीचाच घे म्हणेन. नळीचा घ्यायची वेळ आलीच, तर दुकानातच सीटचं नाक धरून डावी-उजवीकडे हलवून बघ. किंचित हलेल, ते चालतं. खडखडत असेल तर ठेव तिथेच.

माप घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नकोस. आताचा सीट पिलर, म्हणजे साधा सीटपोस्ट, बाहेर काढलास की खालच्या भागावर आकडा कोरलेला दिसेल. 27.2, 30.9, 31.6 हे नेहमीचे, मिलिमीटरमध्ये. दशांशाकडे दुर्लक्ष नको, 0.2 च्या फरकानेही पिलर एकतर शिरत नाही नाहीतर घसरत राहतो. फ्रेमचं भोक मोठं आणि पिलर बारीक असला तर मधे शिम, म्हणजे पातळ नळी, घालता येते. उलट झालं तर उपाय नाही. दुसरं माप उंचीचं. फ्रेमच्या कॉलरपासून (पिलर आवळणाऱ्या कड्यापासून) सीटखालच्या दांड्यांपर्यंत किती पिलर बाहेर दिसतो ते टेपने मोज. सस्पेन्शनच्या यंत्रणेला तेवढी जागा लागते. तुझी उंची बेताची आहे, म्हणून हे तुझ्यासाठी जास्त महत्त्वाचं. जागा अपुरी पडली तर सीट उंच बसेल आणि सिग्नलला पाय टेकणार नाहीत.

आता खरं काम. सायकल भिंतीला टेकव, कुणालातरी हँडल धरायला सांग. सीट मोकळी असताना दांड्यांपासून कॉलरपर्यंतचं उभं अंतर मोज. मग ऑफिसला जातेस त्याच कपड्यांत, पाठीवर बॅग घेऊन, पाय पेडलवर ठेवून बस आणि पुन्हा मोजायला सांग. पोस्टची एकूण हालचाल 50 मिमी असेल तर नुसतं बसल्यावर तो 10 मिमीच्या आसपास दबायला हवा, साधारण पाचवा भाग. शॉकस्टॉपसारख्या 35 मिमीवाल्याला 7 मिमी. बसताच अर्धा दबला तर खड्ड्यात तळाला आपटणार. हललाच नाही तर तो तुझ्यापेक्षा बऱ्याच जड माणसासाठी लावलेला आहे. नळीच्या पोस्टला बुडाशी एलन कीचा बोल्ट असतो, आत पिळला की कडक होतो, सैल केला की मऊ. पण तो बोल्ट नळीच्या तोंडाबाहेर डोकावता कामा नये, इतका सैल करायचा नाही. चौकटीच्या पोस्टला वजनाप्रमाणे वेगळी स्प्रिंग किंवा रबर बदलून मिळतं. वजन सांगूनच माग.

तो 10 मिमी दबला म्हणजे सीट तेवढी खाली आली. तेवढीच वर घे. टाच पेडलवर ठेवून बसलीस की सर्वांत खालच्या टप्प्यावर पाय सरळ झाला पाहिजे. मात्र पिलरवरची कमाल उंचीची रेघ कॉलरच्या आतच राहू दे. गुळगुळीत रस्त्यावर प्रत्येक पेडलला सीट वरखाली होत असेल तर स्प्रिंग मऊ आहे, किंवा तू जड गिअर रेटते आहेस. आधी गिअर हलका करून बघ, पाय जरा भरभर फिरू देत.

बाळाची सीट या पोस्टवर कधीही लावायची नाही, आणि मागे कॅरिअरवर बाळ बसवलंच तर चौकटीच्या सांध्यांना कापड किंवा कव्हर हवं, चिमुकली बोटं तिथे चिमटतात. मागचा दिवा पोस्टच्या न हलणाऱ्या भागावर बांध. सीटखाली पिशवी लटकवत असशील तर पूर्ण दबल्यावर ती टायरला घासत नाही ना, ते हाताने दाबून पाहून घे.

पावसाळ्यात मागचं चाक सगळा राडा याच सांध्यांवर उडवतं. मडगार्ड लाव, निओप्रीनचं कव्हर मिळालं तर चढव. दसऱ्याला सायकल धुतेस तेव्हा कॉलरच्या जागी पिलरवर टेपची खूण कर, मग पिलर पूर्ण बाहेर काढ. पुसून, ग्रीसचा पातळ हात फिरवून परत खुणेपर्यंत घाल. पिलर वर्षानुवर्षं तसाच ठेवला तर फ्रेममध्ये धरतो, आणि मग सुटता सुटत नाही. कॉलर आवळताना त्यावर छापलेल्या आकड्यापुढे जोर लावू नकोस, आणि नवीन बसवल्यावर आठवड्याने सगळे बोल्ट एकदा तपास.