यंत्राला ॲडव्हान्स देण्याआधी

रायपूरच्या तात्यापाऱ्यातली माडीवरची खोली रिकामी आहे, आपल्या छत्तीसगडात विजेची चणचण नाही आणि बिटकॉइनला मागणी वाढतेच आहे. मग ही नाणी काढायचं, म्हणजे मायनिंगचं यंत्र का आणू नये, असं तू विचारतेस. तुझा उत्साह मला आवडतो गं, आणि तो निराधारही नाही. २००९ साली हे नाणं निघालं तेव्हा घरच्या साध्या संगणकावर मायनिंग व्हायचं, व्यवहारांच्या नोंदींचा एक ब्लॉक जोडला की ५० नाणी मिळायची. तेव्हा विश्वास ठेवून ती जपणाऱ्यांचं खरंच सोनं झालं.

पण बाळा, मागणी वाढली की आपला नफा वाढेल, असं या धंद्यात होत नाही. भाव चढला की जगभर नवी यंत्रं सुरू होतात आणि साधारण दर दोन आठवड्यांनी मायनिंगचं गणित आपोआप तेवढंच अवघड होतं. नाणी जास्त निघत नाहीत, वाटेकरी तेवढे वाढतात. शिवाय दर चार वर्षांनी ब्लॉकमागची नाणी निम्मी होतात. एप्रिल २०२४ पासून ती ३.१२५ वर आली आहेत.

आता विजेचं बघ. असं एक यंत्र साधारण ३ किलोवॅट खातं, तेही रात्रंदिवस. महिन्याचे २,१६० युनिट झाले. युनिटला ७ रुपये धरलेस तरी १५,००० च्या वर बिल. रायपूरचा मे महिना तर तुला ठाऊकच आहे. ती खोली गार ठेवायचा खर्च वेगळा. घरगुती मीटरवर धंदा चालवता येत नाही, तेही आहेच. वर नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर, आणि मायनिंगच्या यंत्रणेवरचा खर्च त्यात वजा धरणार नाही, असं सरकारने संसदेत सांगून टाकलंय. एका नाण्यात बसलेला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही.

यंत्र नको तर एखाद्या कंपनीत पैसे टाकते, तीच मायनिंग करील, असं म्हणशील. इथे मात्र मी हट्ट धरणार. २०१५ च्या सुमारास गेनबिटकॉइन नावाच्या योजनेवाल्यांनी हेच सांगितलं होतं: दरमहा १० टक्के परतावा, १८ महिने. ओळखीच्याने ओळखीच्याला आणायचं, अशी साखळी. पुढे परतावा बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाच्या स्वतःच्याच नाण्यात द्यायला लागले. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी योजनेचा सूत्रधार अमित भारद्वाजला अटक केली, २०२२ मध्ये तो वारला, आणि २०२५ मध्येही सीबीआय त्या प्रकरणात छापे घालत होती. लोकांची आयुष्यभराची पुंजी त्यात अडकली. अगं, मायनिंगची कमाई भावाबरोबर रोज हलते. तिच्यातून ठरलेला टक्का कुणी कबूल करूच शकत नाही. तसं कुणी बोललं की तिथून सरळ उठून ये.

धंदा करायची तुझी उमेद मात्र सोडू नकोस. नवा रायपूरमध्ये रॅकबँक कंपनीच्या एआय डेटा सेंटरचं भूमिपूजन मे २०२५ मध्ये झालंय. अशा ठिकाणी वायरिंग, थंडावा, बॅकअप, देखभाल यांची कामं लागतात, आणि तुझं इलेक्ट्रिकलचं शिक्षण तिथे उपयोगी पडेल. माझं मन त्या बाजूला जास्त ओढतं.

रविवारी जेवायलाच ये. विजेचं बिल आणि यंत्रवाल्याचं कोटेशन घेऊन ये, दोघी मिळून हिशेब मांडू. तोवर कुणाला एक रुपयाही ॲडव्हान्स देऊ नकोस.